रायफलच्या स्क्रूला कोणता ड्रायव्हर? घरच्या देखभालीची अवजारं निवडताना

2022 साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने 10 मीटर एअर रायफलचं सुवर्ण जिंकलं. 2024 मध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. त्यानंतर आपल्याकडच्या किती घरांत कपाटामागे रायफलची लांबडी पेटी उभी राहिली असेल, कोण जाणे. घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरमध्ये लिफ्टमधून ती पेटी घेऊन जाणारा मुलगा आता कुणाला फारसा नवा वाटत नाही. नवी अडचण पुढे सुरू होते. चीक-पीस, म्हणजे गाल टेकायचा भाग, जरा वर हवं असतं, बटप्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारी पाटी, तिरकी करायची असते, कोच म्हणतात, "घरी बसवून ये." घरात असतो स्वयंपाकघरातल्या खणातला एक स्क्रू ड्रायव्हर आणि हातात असतो मोबाइल.

मोबाइलवर शोधलं की समोर येतात अमेरिकन व्हिडिओ. त्यातले बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे प्रत्येक फैरीनंतर पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या, रायफलचे, त्यातही एआर-15 जातीच्या. टेबलावर व्हाइस म्हणजे शिकंजा, त्यात रायफल धरायचे प्लास्टिकचे ठोकळे, बॅरल नट फिरवायचा विचित्र आकाराचा पाना, पिना काढायच्या पंचांचा संच, गोळी बसायच्या जागेचं माप तपासायचं हेडस्पेस गेज. पाहताना भारी वाटतं आणि हात आपोआप ऑनलाइन खरेदीकडे जातो. त्यातलं आपल्या कामाचं काय आणि कशाकडे पाठ फिरवायची, एवढंच इथे बघू.

आधी कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेत संघीय कायदा माणसाला स्वतःच्या वापरासाठी बंदूक जोडू देतो, काही राज्यांत त्यावर बंधनं आहेत. त्यामुळे तिकडे हा गॅरेजमधला छंद आहे. आपल्याकडे तसं नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं जसं गुन्हा आहे, तसंच ती दुरुस्त करणं आणि तिच्यात बदल करणंसुद्धा. 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. नेहमीच्या नागरी परवान्यावर सेमी-ऑटोमॅटिक रायफल आपल्याकडे मिळतही नाही. म्हणजे त्या व्हिडिओतलं निम्मं कपाट आपल्या उपयोगाचं नाही, आणि .22 इंची नळीची परवान्यावरची रायफल घरात असेल तर तिचा भाग बदलायचं काम परवानाधारक दुरुस्तीकाराचंच. पुसणं आणि तेलाचा हात फिरवणं एवढ्यावर आपण थांबायचं.

उरते एअर रायफल. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मिलिमीटर म्हणजे .177 इंचापर्यंतची नळी आणि 20 ज्युलपर्यंतची ताकद, या दोन्ही मर्यादांत बसणाऱ्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या 10 मीटर रायफलचा छर्रा साधारण 0.53 ग्रॅमचा असतो आणि तो सेकंदाला 175 मीटरच्या आसपास वेगाने निघतो. वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणून निम्मं केलं की साधारण 8 ज्युल येतात, मर्यादेच्या बरंच आत. तोच छर्रा 20 ज्युलला पोचायला सेकंदाला 275 मीटर वेग लागेल. म्हणून "जोरदार स्प्रिंग टाकून देतो" असं कुणी म्हणालं की सावध व्हा. स्प्रिंग बदलल्यावर ती बंदूक नियमाच्या दुसऱ्याच रकान्यात जाऊ शकते, आणि ती कुठे गेली हे बाहेरून बघून कळत नाही.

खाच आणि ड्रायव्हरचं टोक

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. रायफलच्या अवजारांत स्टील चांगलं हवं, मूठ चांगली हवी, हे सगळं खरं. पण सगळ्यात वर असतं टोक बसणं. स्क्रूच्या खाचेत टोक नीट बसलं तर स्वस्त ड्रायव्हरही काम करतो. बसलं नाही तर जर्मन ड्रायव्हरही स्क्रू खाऊन टाकतो.

घरातला नेहमीचा चपटा ड्रायव्हर बाजूने पाहा. टोक पाचरीसारखं निमुळतं असतं, खाली पातळ आणि वर जाड. एकाच ड्रायव्हरने लहानमोठे बरेच स्क्रू फिरावेत म्हणून तो तसा बनवतात, आणि स्विचबोर्डच्या स्क्रूला ते चालूनही जातं. रायफलच्या स्क्रूची खाच मात्र सरळ भिंतींची आणि अरुंद असते. पाचर तिच्यात घातली की ती फक्त वरच्या दोन कडांना टेकते, तळाशी पोकळी राहते. जोर लावला की सगळा दाब त्या दोन कडांवर येतो, आणि उतारामुळे ड्रायव्हर वर उसळायला बघतो. आपण आणखी दाबतो. मग एक क्षण असा येतो की टोक बाहेर निसटतं, कडेवर चकचकीत ओरखडा उठतो आणि पुढे दस्त्याच्या लाकडावर एक लांब रेघ.

बंदुकीच्या कामासाठी मिळणारे ड्रायव्हर बिट पोकळ घासलेले असतात, म्हणजे टोकाच्या शेवटच्या काही मिलिमीटरवर दोन्ही बाजू समांतर. ते खाचेच्या तळापर्यंत जातात आणि भिंतीला पूर्ण उंचीवर टेकतात. दाब पसरतो, वर उसळायला उतारच उरत नाही.

आपला बिट बसतो की नाही, हे बघायला एक पद्धत आहे, पाच मिनिटांची. बिटच्या टोकाला पर्मनंट मार्करने काळं करा. वाळू द्या. खाचेत ठेवून अगदी हलका पीळ द्या, स्क्रू हलणार नाही इतकाच. बाहेर काढून मोबाइलच्या टॉर्चखाली पाहा. शाई वरच्या बाजूला एका बारीक रेषेत पुसली गेली असेल तर तो पाचरीसारखा टेकतोय. टोकापर्यंत पट्टा पुसला गेला असेल तर बसलाय. रुंदीकडेही लक्ष द्या: बिट खाचेच्या लांबीइतका हवा. लहान असेल तर मधोमध जोर येतो, मोठा असेल तर स्क्रूभोवतीचा रंग खरवडला जातो. तिसरं माप जाडीचं, आणि लोक नेमकं तेच विसरतात. म्हणून एकाच रुंदीचे दोन-तीन जाडीचे बिट असलेला छोटा संच, शंभर तुकड्यांच्या चकाचक पेटीपेक्षा कधीही बरा.

हाच नियम ॲलन कीला, म्हणजे षटकोनी खळग्याच्या (सॉकेटच्या) स्क्रूंसाठीच्या षटकोनी चावीला. युरोपात बनलेल्या स्पर्धेच्या रायफली मिलिमीटरमध्ये असतात, अमेरिकन सामान इंचात. 5/64 इंच म्हणजे 1.98 मिलिमीटर, ती 2 च्या सॉकेटमध्ये बसल्यासारखी वाटते. 1/8 इंच म्हणजे 3.18, त्यात 3 ची की घातली की डगडगते. अशा उसन्या मापाने सॉकेटचे सहा कोपरे गोल होतात आणि एकदा गोल झाले की मग ड्रिलशिवाय इलाज नाही. त्यामुळे ॲलनचे दोन्ही संच ठेवायचेच असतील तर एका डब्यात कधीच नाही. शक्य असेल तर इंचाचा संच घरातच आणू नका. गोल टोकाच्या ॲलन की तिरक्या कोनातून स्क्रू फिरवायला छान असतात, पण त्यांची मान बारीक असते. शेवटचा पीळ द्यायला सरळ टोकच वापरा.

किती घट्ट म्हणजे घट्ट

"हाताला लागेल तेवढं घट्ट" हे माप आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. वडिलांचा हात वेगळा, बारा वर्षांच्या मुलीचा वेगळा, आणि सकाळचा हात संध्याकाळपेक्षा वेगळा. पंख्याच्या स्क्रूला फरक पडत नाही. नळी आणि दस्ता जोडणाऱ्या स्क्रूला पडतो, कारण त्या दोघांमधला ताण बदलला की छर्रा कागदावर कुठे पडतो तेही बदलू शकतं. 10 मीटरच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि गुण दशांशात मोजतात, कमाल 10.9. तिथे थोडासाच फरकही लागतो.

म्हणून टॉर्क ड्रायव्हर, म्हणजे ठरवलेल्या पिळावर (टॉर्कवर) सुटणारा ड्रायव्हर. 1 न्यूटन-मीटर म्हणजे 10 सेंटीमीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण 1 किलो वजन टांगल्यावर मिळणारा पीळ. रायफलच्या माहितीपुस्तकात प्रत्येक महत्त्वाच्या स्क्रूचा आकडा दिलेला असतो. तो घ्या, व्हिडिओतला घेऊ नका. तिकडे बोलणं इंच-पाउंडात चालतं आणि 1 न्यूटन-मीटर म्हणजे सुमारे 8.85 इंच-पाउंड. त्यांचे 65 म्हणजे आपले 7.3. हे न पाहता 65 चा आकडा डोक्यात ठेवून पाना घेतला तर काय होईल ते सांगायला नको.

टॉर्कच्या आकड्यामागे एक गंमत आहे आणि ती कळली की बऱ्याच गोष्टी सुटतात. आपण दिलेल्या पिळापैकी बहुतांश, ढोबळमानाने नव्वद टक्के, घर्षणातच जातो, निम्मा डोक्याखाली आणि बाकीचा आट्यांत. दोन भाग आवळून धरायला उरतात जेमतेम दहा टक्के. म्हणजे आट्यांना तेल लागलं, घर्षण कमी झालं, की तोच आकडा लावूनही स्क्रू कितीतरी जास्त ताणला जातो. "कोरडे आटे" असं पुस्तकात लिहिलं असेल तर ते शब्दशः घ्या. स्क्रू काढला की कापडाने आटे पुसा, आणि मगच बसवा.

लहान स्क्रूंसाठी 1 ते 6 किंवा 1 ते 8 न्यूटन-मीटर पट्ट्याचा, टिक् आवाज करून सुटणारा ड्रायव्हर पुरतो. मोटरसायकलचा मोठा टॉर्क पाना इथे कामाचा नाही. त्याची सुरुवातच जिथे होते, तिथे आपला स्क्रू तुटलेला असतो. काम झालं की ड्रायव्हर सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, आतली स्प्रिंग आवळलेली राहिली तर माप सरकत जातं. माप तपासून घ्यायला ठाणेकरांना फार लांब जावं लागत नाही. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात कॅलिब्रेशन करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, आणि कारखान्यांचं काम करणाऱ्या त्या माणसांना एवढासा ड्रायव्हर पाहून हसू आलं तरी ते तपासून देतात.

लाकडी दस्ता असेल तर एक भानगड जास्तीची. जून ते सप्टेंबर लाकूड ओलावा ओढून फुगतं आणि डिसेंबरात आकसतं. एप्रिलमध्ये बसवलेला आकडा दिवाळीनंतर तसाच असेलच असं नाही. ॲल्युमिनियमचा दस्ता या बाबतीत शांत असतो.

स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायच्या डिंकाबद्दल लोक विचारतात. लॉकटाइटचे रंग लक्षात ठेवा: 222 जांभळा, लहान स्क्रूंसाठी, हाताच्या अवजाराने निघणारा. 243 निळा, मध्यम. लाल मात्र घरात नको, तो काढायला जवळपास 250 अंशांची आच लागते, आणि तेवढी आच रबरी रिंग असलेल्या रायफलजवळ कुणी नेऊ नये. स्पर्धेच्या रायफलला जांभळ्याच्या पुढे जायची गरज मला तरी दिसलेली नाही, आणि ट्रिगरच्या समायोजनाच्या स्क्रूंना तर तोही लावू नका.

कशाला हात लावायचा नाही

पंच, पितळी हातोडी, बेंच ब्लॉक (पिन ठोकताना खाली ठेवायचा ठोकळा) ही व्हिडिओतली आवडती मंडळी. अमेरिकन सेमी-ऑटोमॅटिक रायफलमध्ये रोल पिना भरपूर असतात. रोल पिन म्हणजे पोलादी पत्रा गुंडाळून केलेली पोकळ, स्प्रिंगसारखी दाब देणारी पिन. तिला साध्या पंचाने मारलं की तोंड चेपतं, म्हणून तिच्या पंचाच्या टोकाला मधोमध एक बारीक उंचवटा असतो, तो पोकळीत बसतो. हे कळून घ्यायला मजा येते. पण आपल्या एअर रायफलमध्ये पिन ठोकून काढायची वेळ येते ती ट्रिगरच्या डब्यात किंवा कॉकिंगच्या, म्हणजे बंदूक ताणून तयार करायच्या, यंत्रणेत, आणि तिथे घरच्यांचं काम नाही. पंचाचे पैसे वाचवा.

स्प्रिंगच्या रायफलचं तर ठामच सांगतो. बंदूक लोड केलेली नसली तरी आतली मुख्य स्प्रिंग थोडी आवळलेलीच असते. स्प्रिंग कंप्रेसरमध्ये न धरता मागचं झाकण काढलं तर ते सुटून तोंडावर येतं. "दोन पकडी आणि सासऱ्यांची मदत" या पद्धतीने कंप्रेसरचं काम होत नाही. नळी मोडून स्प्रिंग ताणायची रायफल असेल तर नळी उघडी असताना ट्रिगर कधी ओढू नका, नळी झटक्यात मिटते आणि वाकते. रिकामी उडवूही नका. छर्ऱ्याचा अडसर नसेल तर पिस्टन थेट पुढे आपटतो.

दाबाच्या हवेवर चालणाऱ्या रायफलचा सिलिंडर साधारण 200 बारला भरतात. 200 बार म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे 200 किलो. त्यामुळे कुठलाही झडपेजवळचा स्क्रू हलवण्याआधी सिलिंडर काढायचा आणि उरलेली हवा पुस्तकात सांगितल्याप्रमाणे सोडून द्यायची. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमात त्याची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं. जुनी रायफल घेताना आधी ती तारीख वाचा, मग नळीतून बघा. सिलिंडरच्या आट्यांना, भरण्याच्या नोझलला किंवा ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी रिंगला) शिवणयंत्राचं तेल, सायकलचं ग्रीस, खोबरेल यांपैकी काहीही लावायचं नाही. दाबाखालच्या हवेत खनिज तेलाची वाफ पेट घेऊ शकते, डिझेलच्या इंजिनात घेते तशी. तिथे फक्त सिलिकॉन ग्रीस, आणि तेही बोटाला जेमतेम चकाकी येईल एवढंच.

नळी, ओलावा आणि टेबल

नळी साफ करायला पितळी ब्रश नको. छर्रा मऊ शिशाचा आणि वेग कमी, आत बंदुकीसारखी जळकी राळ साचत नाही. फेल्टच्या गोळ्या किंवा ओढून काढायची दोरी पुरते. काम मागून पुढे करायचं, छर्रा जातो त्याच दिशेने. पुढच्या तोंडाची गोल कड, जिथून छर्रा नळी सोडतो, ती एका बाजूला झिजली की छर्ऱ्याला निघताना तिरका धक्का बसतो. तीन तुकडे जोडून होणारी ॲल्युमिनियमची दांडी त्या कडेला घासते. दांडी घ्यायचीच असेल तर एकसंध आणि लेप असलेली घ्या.

आपल्याकडे नळीचा खरा शत्रू हवेतला ओलावा. खाडीच्या दोन्ही बाजूंना, कोपरीला काय आणि ऐरोलीला काय, जुलैत कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते, तिथे पोलाद कसं वाचणार? पेटीतला फोम ओलावा धरून ठेवतो, म्हणून रेंजवरून आल्यावर रायफल लगेच पेटीत बंद करू नका. घामाचे हात लागलेली जागा कोरड्या कापडाने पुसा, उघड्या पोलादावर तेलाचा अगदी पातळ थर द्या, मग पेटी. आत सिलिका जेलची पुडी ठेवा, रंग बदलणारी. रंग बदलला की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोनेक तास तापवली की ती पुन्हा कामाला लागते. ओलावा मोजणारा एक साधा हायग्रोमीटरही पेटीत टाका. हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर राहिली की गंज भराभर धरतो.

काम कुठे करायचं? जेवणाच्या टेबलावर नाही. छर्रे शिशाचे, फेल्टवर येणारी काळी भुकटीही शिशाची. जुनं वर्तमानपत्र अंथरा, काम झालं की ते गुंडाळून फेका, हात साबणाने धुवा, मगच चहाच्या कपाला हात लावा. स्क्रू ठेवायला इडलीपात्रासारखं खळगे असलेलं काहीतरी घ्या, नाहीतर प्लास्टिकचा खणांचा डबा. प्रत्येक खळग्यात एका जागेचे स्क्रू. सारखे दिसणारे दोन स्क्रू लांबीने वेगळे असतात, आणि लांबडा चुकीच्या भोकात गेला तर आतल्या भागाला टेकतो.

खरेदीबद्दल थोडं. नौपाड्यात किंवा वाशीत हार्डवेअरच्या दुकानात पोकळ घासलेले बिट सहसा सापडणार नाहीत. वागळे इस्टेटच्या औद्योगिक अवजारांच्या दुकानांत चांगल्या ॲलन की आणि टॉर्क ड्रायव्हर मिळतात. 1962 साली एमआयडीसी सुरू झाली ती याच इस्टेटीपासून, त्यामुळे तिथल्या जुन्या दुकानदारांना अवजाराची भाषा कळते. "मिलिमीटरमध्ये, सरळ टोकाच्या, 1.5 ते 6" एवढंच सांगा, रायफलचा उल्लेखही लागत नाही. तिथे नाही मिळालं तर मुंबईतला अवजारांचा बाजार, नागदेवी स्ट्रीट. जाताना तुमच्या रायफलचा एक सुटा स्क्रू खिशात न्या आणि दुकानातच बिट त्यात घालून बघा, मार्करसकट. दुकानदार आधी बघेल, मग बहुतेक आणखी दोन जाडीचे बिट काढून ठेवेल.